दुसऱ्याचा 'मी' : शब्दांकनाचा व्यवसाय आणि त्याची शिस्त

आयुष्य एकाचे, लेखणी दुसऱ्याची आणि छापील पानावर पहिल्यापासून शेवटपर्यंत 'मी' : अशा लेखनाला मराठीत शब्दांकन म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव आतल्या पानावर बारीक टायपात येते तेव्हा हा शब्द छापला जातो. नाव कुठेच यायचे नसेल तर त्याला नुसते 'लिहून देणे' म्हणतात. 'घोस्टरायटर' हा शब्दही आता प्रकाशकांच्या तोंडी रुळला आहे, पण त्यातले भूत मराठीला फारसे मानवलेले नाही. दुसऱ्याचे बोल कागदावर उतरवणाऱ्यांची नावे मराठीने सातशे वर्षे आठवणीत ठेवली आहेत.

या आठवणीचा एक धागा मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यातून जातो. तिथल्या पालम तालुक्याच्या शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची एक यादीच वारकरी परंपरेत आहे. चोखोबांचे अनंतभट्टाने, सावता माळ्यांचे काशीबा गुरवाने आणि जनाबाईंचे खुद्द पांडुरंगाने. ज्ञानेश्वरीचे लेखनिक सच्चिदानंदबाबा, तुकोबांचे संताजी जगनाडे, दासबोधाचे कल्याणस्वामी. ही मंडळी लेखनिक होती. त्यांनी मजकूर घडवला नाही, तो जपला. मजकूर घडवण्याचे काम म्हाइंभटांनी केले. इ.स. १२७८ च्या सुमारास त्यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. एकाच प्रसंगाची दोन माणसे दोन रूपे सांगत. महानुभाव परंपरेने असे पाठभेद सांगणाऱ्याच्या नावासह टिपून ठेवले. आजच्या शब्दांकनकाराला यापलीकडे शिकवण्यासारखे फार थोडे उरते.

आधुनिक काळात या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणारे पुस्तक म्हणजे अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०). ते लिहून काढले अरुण साधू यांनी. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांचा हा लेखक तेव्हा पत्रकार होता. पुस्तकात साधूंची शैली शोधू गेले तर हाती लागत नाही. ऐकू येते ती सांगणारीच, तिच्या बेफिकिरीसह आणि थकव्यासह. साधनाताई आमटे यांचे 'समिधा' सीताकांत प्रभू यांनी शब्दांकित केले, तर डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' सीमा भानू यांनी. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या माणसांनी उतरवून घेतली नसती तर १९५२ चा तो संग्रह निघालाच नसता.

बाहेरच्या जगात हा व्यवहार अधिक झाकलेला राहिला. जॉन केनेडी यांच्या 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकाला १९५७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातल्या बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा आपण केला होता, हे केनेडींचे भाषणलेखक टेड सोरेन्सन यांनी २००८ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकानंतर सांगितले. टेनिसपटू आंद्रे अगासी यांचे 'ओपन' (२००९) जे. आर. मोरिंगर यांनी लिहिले, पण मुखपृष्ठावर स्वतःचे नाव नको, हे त्यांनीच ठरवले.

हा व्यवसाय पुण्या-मुंबईचाच, असा समज आहे. पालमसारख्या तालुक्याच्या गावी पाहिले तर तो पूर्ण खरा नाही. तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस दिवसभर हेच करतो. समोरच्या शेतकऱ्याची तक्रार ऐकतो आणि 'मी अर्जदार' असा अर्ज लिहून देतो. ऐकलेल्या पंधरा वाक्यांतली तीन कामाची, हे त्याला सवयीने कळते. याच गरजेची मोठी रूपे आता दिसू लागली आहेत. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचा गौरवग्रंथ, पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, लोकप्रतिनिधीचा कार्यअहवाल, कीर्तनकाराच्या निरूपणाचे पुस्तक, आणि शिकून पुण्याला स्थिरावलेल्या मुलांना हवी असलेली वडिलांची जीवनकथा. शेवटचे काम सर्वांत कठीण, कारण पैसे मुले देतात आणि आयुष्य वडिलांचे असते. पुस्तकात काय यावे याबद्दल दोघांचे मत क्वचितच जुळते. निर्णय कोणाचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे लागते.

या कामाला सुगीही आहे. ग्रामीण भागात शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही जन्मतारीख टाकत. ती तारीख असलेला कर्मचारी ३१ मे रोजी निवृत्त होतो. त्यामुळे गौरवग्रंथांची घाई उन्हाळ्यात एकदम उसळते. ज्याला ते नीट करायचे आहे त्याने दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे. ऊसतोड मुकादमाची कथा लिहायची तर दिवाळी ते मार्च-एप्रिल तो फडावर असतो, गावी सापडत नाही. कीर्तनकार सप्ताहांच्या दिवसांत हाती लागत नाहीत. शेतकऱ्याला सोयाबीनच्या काढणीत गाठून आठवणी विचारणारा लेखक पहिल्याच दिवशी विश्वास गमावतो.

पहिले कौशल्य कानाचे आहे. मुलाखत घेणारा वार्ताहर उत्तर मिळाले की पुढच्या प्रश्नाकडे वळतो. शब्दांकनकाराने उत्तर संपल्यावरही थोडे थांबायचे असते. खरे बोलणे अनेकदा त्या थांबण्यानंतर येते. 'तुमचे बालपण कसे होते?' या प्रश्नाला 'लई हलाखीचं' एवढेच उत्तर येते. 'घरात चूल कुठे होती, पाणी कोण आणायचं, शाळेला जाताना पायात काय असायचं?' असे विचारले की घर उभे राहते. एका बैठकीचा वेळ दीड-दोन तासांपेक्षा जास्त नसावा, म्हाताऱ्या माणसाचा तर त्याहून कमी. शक्य तर ती त्याच्या घरी, अंगणात किंवा शेतात घ्यावी. वस्तू समोर असली की आठवण जागी होते.

आठवण जागी झाली म्हणजे खरी ठरली, असे नाही. मराठवाड्यातली जुनी माणसे साल सांगत नाहीत, खुणा सांगतात. 'पोलीस ॲक्शनच्या वक्ताला' म्हणजे सप्टेंबर १९४८. 'बहात्तरच्या दुष्काळात' म्हणजे खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि मिलो ज्वारीचे दिवस. 'किल्लारीच्या वर्षी' म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप. या तीन खुंट्या ठोकल्या की लग्न, पहिले मूल, विहीर, नोकरी हे सगळे त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवता येते. निजामी काळातल्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघतो, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. खासरा पत्रक, शाळेचा निर्गम उतारा, लग्नपत्रिका, सोसायटीचे पासबुक यांच्याशी बोलणे ताडून पाहावे. त्या जमान्यात उर्दूतून शिकलेल्यांची कागदपत्रे वाचायला गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाची मदत लागते. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर कागद दाखवून पुन्हा विचारावे, परस्पर दुरुस्ती करू नये. कधी कधी कागदच चुकीचा निघतो. १ जूनची जन्मतारीख हे त्याचे धडधडीत उदाहरण.

भाषेचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. परभणीकडचा माणूस 'जातो आहे' म्हणत नाही, 'जायलो' म्हणतो. 'आलो होतो' ऐवजी 'आलतो' म्हणतो. बाजारपेठेला मोंढा म्हणतो, कंटाळला तर 'बेजार झालो' म्हणतो. हे सगळे पुसून 'अत्यंत खडतर परिस्थितीतून मार्गक्रमण करत' असे लिहिले की माणूस नाहीसा होतो आणि उरतो तो सत्कार समारंभाचा सूत्रसंचालक. उलट दोनशे पाने अस्सल बोलीतच लिहिली तर सांगणाऱ्याची मुलेही ती वाचायला कंटाळतात, आणि पुष्कळदा सांगणाऱ्यालाच ती आवडत नाहीत. आपल्याला अडाणी दाखवले, असे त्याला वाटते. सहसा जमणारी वाट मधली आहे. निवेदन साध्या, छोट्या वाक्यांच्या प्रमाण मराठीत ठेवावे, संवाद बोलीत ठेवावेत आणि ज्या शब्दांना पर्याय नाही ते निवेदनातही तसेच राहू द्यावेत. शब्दांपेक्षा वाक्याची चाल महत्त्वाची. काही माणसे प्रत्येक गोष्ट म्हणीने संपवतात, काही आधी शेवट सांगून मग सुरुवात करतात, काही रागावली की गप्प होतात. ही चाल पकडण्यासाठी ध्वनिमुद्रण दोनदा ऐकावे लागते, दुसऱ्यांदा काही न लिहिता. पहिले प्रकरण तयार झाले की ते सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. 'मी असं बोलत नाही' हा शेरा त्याच बैठकीत मिळाला तर पुढची पंधरा प्रकरणे वाचतात.

रोजच्या मेहनतीचा हिशेब आधी मांडलेला बरा. सावकाश बोलणारा माणूस तासाला साडेपाच-सहा हजार शब्द बोलतो. दोनशे पानांच्या पुस्तकाला सुमारे पन्नास हजार शब्द लागतात. पंचवीस तासांचे बोलणे म्हणजे दीड लाखाच्या आसपास शब्द. त्यातले दोन तृतीयांश गाळायचे असतात. तासाभराचे ध्वनिमुद्रण उतरवायला चार-पाच तास जातात. मोबाइलवर बोलून टंकलेखन करता येते, पण 'जायलो' आणि 'आलतो' त्याला नेहमी उमगत नाहीत. रोज आठशे शब्दांचा पहिला खर्डा धरला तर नुसत्या लेखनाला दोन महिने पुरतात. तपासणी आणि दुरुस्त्यांसह पुस्तकाला सहा-आठ महिने सहज लागतात. 'महिनाभरात देतो' असे म्हणणारा एकतर खोटे बोलत असतो किंवा वाईट लिहिणार असतो. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती त्याच संध्याकाळी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीत गेली आणि महानुभावांना ती स्मरणातून पुन्हा बांधावी लागली. तेवढे पाठांतर आता कोणाचे नसते.

मोबदल्याची बोलणी ओळखीपाळखीत होतात, त्यामुळे करार करायला संकोच वाटतो. तो महागात पडतो. कथा सांगणारा आणि ती शब्दांत घडवणारा यांत कायद्याने लेखक कोण, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात १९३७ मध्ये आला होता. जॉकी स्टीव्ह डोनोह्यू यांच्या आठवणी वृत्तपत्रासाठी एका पत्रकाराने लिहिल्या होत्या. शब्दरूप पत्रकाराचे असल्यामुळे डोनोह्यू त्याचे लेखक ठरत नाहीत, असा निकाल लागला. भारतातही कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे नोकरीत नसलेल्या शब्दांकनकाराने काहीच लिहून दिले नाही, तर मजकुराच्या हक्कावर तो दावा सांगू शकतो आणि पैसे देणारा अडचणीत येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. कलम ५७ ने लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा वेगळा अधिकार दिला आहे. कॉपीराइट विकल्याने तो आपोआप जात नाही. म्हणून नाव छापायचे की नाही, छापायचे तर 'शब्दांकन', 'लेखनसाहाय्य' की फक्त ऋणनिर्देश, हे करारात शब्दशः यावे.

पैसे तीन-चार हप्त्यांत घेण्याची रीत सोयीची : करारावेळी, निम्मा खर्डा दिल्यावर, पूर्ण खर्डा दिल्यावर आणि अंतिम प्रत मान्य झाल्यावर. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन की तीन, हेही आधी लिहावे. नाहीतर घरातला प्रत्येक भाचा आपापली दुरुस्ती सुचवतो. पैसे देणारी संस्था असेल तर व्यावसायिक सेवेवर दहा टक्के करकपात होऊ शकते आणि ती विवरणपत्र भरून समायोजित करावी लागते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा गरज पडत नाही. पालममधून काम करणाऱ्याला ही मर्यादा ओलांडण्याची चिंता फारशी नसावी.

गुप्तता हा या व्यवसायाचा कणा मानतात, तरी तिलाही हद्द आहे. सांगणारा रागाच्या भरात भावकीतल्या माणसावर जमीन लाटल्याचा आरोप करतो, जुन्या सरपंचाला पैसे खाल्ले म्हणतो. छापल्यावर तो आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतो आणि 'मी फक्त लिहून घेतले' हा बचाव भक्कम नाही. पुरावा असेल तर लिहावे; नसेल तर नाव गाळून, ओळख पुसून लिहावे किंवा सोडून द्यावे. काय सोडले आणि का, याची खासगी टिपणवही ठेवणारे लेखक पुढे वाद झाला तर वाचतात. एकाकडे ऐकलेले दुसऱ्याकडे बोलायचे नाही, हा नियम लहान गावात जास्तच कडक पाळावा लागतो, कारण पुढचे गिऱ्हाईक बहुधा आधीच्याचा साडू किंवा व्याही असतो.

ध्वनिमुद्रणे कोणाकडे राहणार, हा मुद्दा करारात बहुधा राहूनच जातो. पुस्तक छापून झाले, उरलेल्या प्रती माळ्यावर गेल्या की मुद्रणांची चौकशी सुरू होते, आणि ती बहुतेकदा माणूस गेल्यानंतर होते. सगळी मुद्रणे पेनड्राइव्हवर घालून, प्रत्येक फाइलला तारीख आणि विषय लिहून घरच्यांच्या हाती द्यावीत. पुस्तकात ज्याचे 'जातो आहे' झाले, ते 'जायलो' त्यांत तसेच असते.