भाषणात एक, सभागृहात दुसरं? नेत्यांचं मत कधी नोंदलं जातं आणि ते तपासायचं कसं?

४ जुलै २०२२ रोजी विधानसभेत एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव मतदानाला आला आणि कळमनुरीचे शिवसेना आमदार संतोष बांगर यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. आदल्याच दिवशी, विधानसभा अध्यक्षांच्या निवडणुकीत, ते उद्धव ठाकरे यांच्या बाजूचे उमेदवार राजन साळवी यांच्या मागे उभे राहिले होते. त्याच्या काही दिवस आधी, शिंदे यांनी परत यावं असं रडत रडत सांगणारा त्यांचा व्हिडिओ मोबाइल-मोबाइलवर फिरला होता.

किनवटच्या मतदारांसाठी हे उदाहरण लांबचं नाही. किनवट नांदेड जिल्ह्यात असलं, तरी लोकसभेसाठी किनवट आणि कळमनुरी हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभा मतदारसंघात येतात.

बांगर यांचं बोलणं आणि मत यातलं अंतर लोकांना दिसलं, कारण त्या दोन्ही दिवशी सभागृहात शिरगणती झाली. एकेका आमदाराने उभं राहून आपलं नाव सांगितलं. बहुतेक वेळा असं होतच नाही. त्यामुळे 'तुमच्या आमदाराने अमुक कायद्याला पाठिंबा दिला' अशी पोस्ट आली की पहिला प्रश्न हा विचारायला हवा: ते मत कुठे नोंदलं गेलंय का?

बहुतेक कायदे आवाजावर मंजूर होतात

विधिमंडळ असो की संसद, नेहमीची पद्धत आवाजी मतदानाची. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात. कोणता आवाज मोठा, हे अध्यक्ष ठरवतात. कोण 'होय' म्हणालं आणि कोण गप्प बसलं, याची नावानिशी नोंद राहत नाही.

केंद्राचे कृषी कायदे याचं ठळक उदाहरण. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत होते. गोंधळात विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. २९ नोव्हेंबर २०२१ ला हे कायदे मागे घेणारं विधेयकही चर्चेविना, आवाजावरच मंजूर झालं. देशभर वर्षभर आंदोलन पेटवणारे कायदे आले आणि गेले, पण कोणत्या खासदाराने काय केलं याची यादी दोन्ही वेळी तयार झाली नाही.

महाराष्ट्रातलं ताजं उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. १० जुलै २०२५ ला ते विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. तिथे ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. बाहेर महाविकास आघाडीचे नेते विधेयकावर कडाडून टीका करत होते, तेव्हा लोकांनी विचारलं: मग विधानसभेत आवाज का नाही झाला? हा प्रश्न रास्त होता. पण मतविभागणी झाली नसल्याने त्याचं उत्तर एकेका आमदाराच्या नावासमोर शोधता येत नाही.

नावानिशी नोंद कधी होते?

सदस्यांनी मतविभागणी मागितली आणि ती मान्य झाली, तर बाजूने, विरोधात आणि तटस्थ अशी नावांची यादी कामकाजात येते. घटनादुरुस्तीच्या वेळी तर मतं मोजावीच लागतात. कारण त्यासाठी एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश पाठिंबा, अशा दोन्ही अटी आहेत.

म्हणूनच महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतं पडली, हे आपल्याला माहीत आहे. विरोधातल्या दोघांपैकी एक होते असदुद्दीन ओवैसी, दुसरे तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लीम महिलांसाठी वेगळा वाटा नसल्याने विरोध, असं त्यांच्या पक्षाने आधी सांगितलं आणि मतही तसंच दिलं. भूमिका पटो वा न पटो, इथे शब्द आणि मत जुळले.

मराठा आरक्षणाशी थेट संबंध असलेली अशीच एक नोंद आहे. मागास प्रवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांना परत देणारी घटनादुरुस्ती १० ऑगस्ट २०२१ ला लोकसभेत ३८५ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी याच आरक्षणाच्या मागणीसाठी राजीनामा दिला. राजीनामा गाजला, पण राजीनामा म्हणजे सभागृहातलं मत नव्हे. लोकसभा अध्यक्षांनी स्वीकारल्याशिवाय तो लागूही होत नाही.

गैरहजेरी आणि सभात्याग

'होय' आणि 'नाही' यांच्या मधेही एक वाट असते. ४ जुलै २०२२ च्या त्याच विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ मतं पडली. त्या वेळी काँग्रेसचे अशोक चव्हाण आणि पक्षाचे आणखी काही आमदार मतदानाला नव्हते. उशीर झाला, तोवर दरवाजे बंद झाले होते, असं कारण पुढे आलं. निकाल त्यामुळे बदलला नसता. पण अशा वेळी नोंदीत विरोधही दिसत नाही आणि पाठिंबाही नाही.

सभात्यागाचंही तसंच. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला ९ डिसेंबर २०१९ ला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला. दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाआधी तिचे सदस्य बाहेर पडले. बाहेर पडणं म्हणजे विरोधात मत देणं नाही. उलट हजर सदस्य कमी झाले की बहुमताचा आकडाही खाली येतो.

मत आमदाराचं की पक्षाचं?

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षाने व्हिप म्हणजे पक्षादेश काढला आणि सदस्याने त्याविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिला, तर सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर वाचतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात, अशी अपात्रता सरकारच्या बहुमताच्या आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या मतदानापुरती असावी, असं म्हटलं. प्रत्यक्षात व्हिप त्यापलीकडेही निघतात.

म्हणजे मतदारसंघात एक बोलून सभागृहात दुसरं करणारा प्रत्येक जण खोटारडा असेलच असं नाही. कधी तो पक्षाच्या दावणीला बांधलेला असतो. पण व्हिप मत बांधतो, तोंड नाही. चर्चेत बोलणं किंवा विधेयक समितीकडे गेलं तर भिन्न मतपत्रिका जोडणं, हे मार्ग उरतातच.

विधान परिषदेसाठी आमदार करतात ते मतदान मात्र गुप्त असतं. २० जून २०२२ ला काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे हरले, तेव्हा मतं फुटल्याची चर्चा झाली. कोणाची फुटली, हे कागदावर कधीच दिसणार नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत मात्र आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

किनवटचा प्रश्न: ते मत नेमकं कोणाच्या हातात?

किनवट-माहूर भागात अनुसूचित जमातींच्या यादीचा विषय नाजूक आहे. धनगर आणि बंजारा समाजांची यादीत येण्याची मागणी आहे, आदिवासी संघटनांचा त्याला विरोध आहे. नेते दोन्हीकडच्या मेळाव्यांत बोलतात. विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी तर ४ ऑक्टोबर २०२४ ला याच मुद्द्यावर मंत्रालयातल्या जाळीवर उडी मारली होती.

पण घटनेच्या कलम ३४२ नुसार ही यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. राज्य सरकार शिफारस करू शकतं, विधानसभा यादी बदलू शकत नाही. त्यामुळे या विषयावर आमदाराने दिलेला शब्द विधानसभेतल्या मताशी ताडून पाहण्याची वेळ येत नाही. ती वेळ आली तर खासदारावर येईल, तीही संसदेत विधेयक आलं आणि मतविभागणी झाली तरच.

पोस्ट पुढे पाठवण्याआधी काय बघाल?

• विषय त्या नेत्याच्या सभागृहात मतदानाला आला होता का?
• मतदान आवाजी होतं, मतविभागणीने होतं की गुप्त? आवाजी असेल तर 'अमुकने विरोधात मत दिलं' या दाव्याला यादीचा पुरावा नसतो.
• मतविभागणी असेल तर नाव कोणत्या रकान्यात आहे? की कुठेच नाही? लोकसभा आणि राज्यसभेच्या चर्चांचे इतिवृत्त संसदेच्या संकेतस्थळावर मिळते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तिथली कार्यवाही असते.
• व्हिप होता का?
• त्या विषयावर नेता सभागृहात बोलला का, आणि काय बोलला?

यादी नसेल तेव्हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी पडतो. आवाजी मतदानात नाव हरवतं, पण सभागृहात केलेलं भाषण नावासकट कार्यवाहीत राहतं. पुढच्या वेळी नेता गावात मतं मागायला आला, तर ते पान समोर ठेवून त्याला प्रश्न विचारता येतो.