सिंहासनाची मोटार

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी मोटार उभी आहे. 1912 सालच्या रोल्स रॉइस 'सिल्व्हर घोस्ट' जातीच्या या गाडीवर लंडनच्या बार्कर या जुन्या बग्गीवाल्या पेढीने बॉडी चढवलेली असून, तिच्या मागल्या भागात नेहमीच्या बाकाऐवजी उंच उचललेले, तख्ताची ऐट असलेले एक आसन बसवलेले आहे. आणि या आसनामुळेच जगभरचे जाणकार तिला 'सिंहासनाची मोटार' म्हणून ओळखतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली. परंतु गाडी विलायतेहून येऊन दाखल होण्याआधीच, ऑगस्ट 1911 मध्ये, ते पैगंबरवासी झाले, आणि मालकाचे तोंडही न पाहिलेली ही मोटार वारसाहक्काने मीर उस्मान अली खान यांच्या मोटारखान्यात जमा झाली. ज्यांना 1937 साली 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून मुखपृष्ठावर झळकवले आणि ज्यांच्या काटकसरीच्या कथा अजून सांगितल्या जातात, त्या या सातव्या निजामांनी ही गाडी केवळ दरबारी प्रसंगांपुरती बाहेर काढली. संस्थान विलीन होईपर्यंत ती सारी मिळून 356 मैल चालली, असे सांगतात. म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून निघून ती हैदराबादपर्यंत आली असती आणि तेथेच तिचे आयुष्य संपले असते.

आमच्या या संभाजीनगरने त्या गाडीकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. निजामांच्या आसफजाही दौलतीची गादी प्रथम येथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, होती. निजाम अली खानांनी 1763 साली ती हैदराबादेस हलवली. त्यानंतर 1948 पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा सारा हैदराबादच्या खजिन्यात भरला जात होता. आणि ज्या दौलतीत सरकारी दिवाणी मुलूख वेगळा व निजामांचा खासगी 'सर्फ-ए-खास' मुलूख वेगळा, तेथे मोटारखान्याचा खर्च शेवटी कोणत्या रयतेच्या जमाबंदीवर पडत होता, हे सांगायला फार मोठ्या अर्थशास्त्र्याची गरज नाही. दुष्काळी मराठवाड्याच्या मातीतून उगवलेला थोडासा पैसा त्या पिवळ्या रंगाखाली आहे, अशी माझी समजूत आहे, आणि ती मी सोडायला तयार नाही.

रोल्स रॉइसचा हिंदुस्थानातील लौकिकही महाराष्ट्राच्या घाटांतच सिद्ध झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. 1908 साली 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने पाठवलेली एक सिल्व्हर घोस्ट मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशा सहाशे वीस मैलांच्या कसोटीत उतरली, वाटेतले सहा घाट तिने पार केले, आणि त्या कामगिरीवर खूश होऊन ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ती खरेदी केली. एका संस्थानिकाने घेतलेली वस्तू दुसऱ्याकडे नसणे ही त्या काळी मानहानीच होती. त्यामुळे पुढल्या चार दशकांत या कंपनीला हिंदुस्थानसारखे उदार गिऱ्हाईक दुसरीकडे क्वचितच लाभले. मराठी राजघराणी यात मागे नव्हती. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तर अमेरिकेहून ड्यूसेनबर्ग मागवून तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली. ती गाडी पुढे समुद्र ओलांडून पुन्हा अमेरिकेत गेली.

आता मोलाचा प्रश्न. त्या काळी रोल्स रॉइस कंपनी गिऱ्हाइकाला पूर्ण मोटार विकतच नसे. ती फक्त चासी देई, म्हणजे इंजिन, गिअरपेटी, चाके व सांगाडा, आणि त्यासाठी हजार पौंडांच्या आसपास रक्कम घेई. वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या ऐपतीनुसार आणि हौसेनुसार बार्कर किंवा हूपरसारख्या पेढीकडून बांधून घ्यायची. 1906 ते 1926 या काळात सिल्व्हर घोस्ट जातीच्या सात हजार आठशेच्या वर चास्या तयार झाल्या, आणि त्यांचे इंजिन इतके चिवट होते की त्यांतल्या पुष्कळ आजही धावतात. बॉड्या मात्र टिकल्या नाहीत. फॅशन बदलली की मालक जुनी बॉडी उतरवून नवी चढवी. पहिल्या महायुद्धात कित्येक चास्यांवर चिलखती बॉड्या चढल्या. काहींच्या नशिबी माल वाहणे आले. त्यामुळे आज बाजारात मूळ चासी आणि नव्याने बांधलेली बॉडी असलेली चांगली घोस्ट काही लाख पौंडांना मिळते. परंतु चासी व बॉडी ही जोडी जन्मापासून अभंग राहिलेली असली, की किमतीचे गणितच निराळे होते. 1912 सालचीच, बार्करनेच बॉडी बांधलेली एक घोस्ट, जिच्यावरून 'कॉर्गी' कंपनीने पोरांची खेळण्यातली मोटार काढली आणि म्हणून जी त्याच नावाने ओळखली जाते, जून 2012 मध्ये इंग्लंडात लिलावात सत्तेचाळीस लाख पौंडांना गेली. जातिवंत चासीवर जातिवंत बॉडी, आणि दोघींच्या मध्ये कोणाही कारागिराने घातलेला हात नाही: खरे मोल येथे साठवलेले असते.

याच न्यायाने हैदराबादच्या गाडीचे मोल किती, असे कोणी विचारील. साल तेच, पेढी तीच, वर निजामाचे तख्त आणि इतका अल्प वापर. तेव्हा आकडा कॉर्गीच्या पुढेच जाईल, असा त्रैराशिकाचा मोह होतो. पण त्रैराशिकाला बाजार लागतो. शंभर वर्षे उलटून गेलेली कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेण्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याने खासगी व्यक्तीला मनाई आहे. लंडन-मोनॅकोच्या लिलावाचे दरवाजे बंद असताना तेथल्या भावाने हैदराबादची वस्तू मोजणे म्हणजे देवळातल्या मूर्तीचे वजन करून तिच्या पितळाचा भाव काढण्यासारखे आहे.

किमतीहून मला खर्चाची हकिकत अधिक बोधप्रद वाटते. फेब्रुवारी 1967 मध्ये उस्मान अली खान वारले आणि त्यांचे नातू मुकर्रम जाह गादीवर बसले. त्यांनी जेव्हा खासगीकडचे हिशेब तपासायला घेतले तेव्हा आढळले, की मोटारखान्यात साठ गाड्या आहेत, त्यांच्या पेट्रोल व सुट्या भागांपायी वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या घरात खर्च पडतो आहे, आणि प्रत्यक्षात चालू स्थितीत फक्त चार गाड्या आहेत. राज्यारोहणाच्या समारंभाहून ज्या गाडीतून परतायचे होते तीच बंद पडली. खर्च होत असणे आणि वस्तू जिवंत असणे या दोन गोष्टींचा परस्परसंबंध किती पातळ असू शकतो, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. आणि सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी हयात घालवली आहे त्यांना तो नवाही वाटणार नाही.

बंद पडलेली गाडी ही उभी असते म्हणून सुखात असते, हा भ्रम आहे. पेट्रोल टाकीत राहिले की त्याचा चिकट राळेसारखा साका होतो आणि कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो, सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल निथळून जाते आणि पावसाळ्यातली दमट हवा तेथे गंज धरते, व्हॉल्व्ह अडकतात. या जातीच्या इंजिनाचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन बिडाच्या ब्लॉकमध्ये ओतलेले असतात, घनफळ 7,428 घनसेंटिमीटर, आणि त्या ब्लॉकभोवती खेळणारे पाणी शतकभर आतून बीड खात असते. बाहेरून रंग ताजा, आत कागदासारखी भिंत. बॉडीचा सांगाडा असतो ॲश नावाच्या विलायती लाकडाचा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. आमच्या दख्खनच्या उन्हाळ्यात ते लाकूड आटते, सांधे सुटतात, वाळवी लागते. आणि पत्रा दिसायला अभंग राहिला तरी त्याला धरून ठेवणारे आत काहीच उरत नाही.

त्यामुळे जीर्णोद्धाराचा अंदाजपत्रकी आकडा गाडी पुरी खोलल्यावाचून कोणी प्रामाणिक कारागीर सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे गाडी देऊ नये. बेअरिंगचे उदाहरण घ्या. आजच्या मोटारीत बेअरिंगचे तयार कवच डब्यातून काढून बसवतात; घोस्टमध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू वितळवून तो जागच्या जागी ओतावा लागतो, मग क्रँकशाफ्टच्या मापाने तो कापून, हाताने खरवडून, निळी शाई लावून लागण तपासत बसवावा लागतो. घोस्टच्या क्रँकशाफ्टला अशी सात मुख्य बेअरिंगे आहेत. यंत्र हे काम भरभर करू शकते, परंतु शेवटचा हात माणसाचाच लागतो, आणि अशा माणसाची मजुरी तासावर नसते.

येथे आमच्या शहराचा अभिमान मला आवरत नाही. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा. त्यांच्या आश्रयाने पत्रा दाबणारे, डाय बनवणारे, लेथ आणि मिलिंग चालवणारे शेकडो लहान-मोठे कारखाने उभे राहिले. एखादा तुटलेला दातेरी चक्राचा तुकडा हाती दिला तर त्याचे माप काढून हुबेहूब दुसरे चक्र घडवून देणारे टूलरूमवाले वाळूजमध्ये कमी नाहीत, आणि विलायतेत त्याच कामाला जे दाम पडेल त्याच्या लहानशा हिश्शात ते काम येथे होईल. संस्थानी गाड्यांच्या बैठकींना किनखाब, रेशीम लागे. हिमरूच्या मागावर बसणारे जे थोडे विणकर या गावात उरले आहेत त्यांना असे काम मिळाले तर मला आनंदच होईल.

मात्र कौशल्य स्वस्त मिळाले की धोकाही वाढतो, कारण मग थांबावे कोठे हे कोणी पाहत नाही. 1912 च्या गाडीवरच्या पितळी वस्तूंना निकेलचा मुलामा असे. क्रोमियम मोटारींवर सर्रास आले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस. निकेलची झाक किंचित पिवळसर व मंद, क्रोमची निळसर व झगझगीत. मालकाला झगझगाट आवडतो, मुलामेवाल्याकडे क्रोमची टाकी तयार असते, आणि भर बाजारात लाखोंचे मोल एका दुपारी बुडते. रंगाचे तेच. बार्करचे रंगारी कुंचल्याने थरावर थर देत, प्रत्येक थर वाळवून घासत, आणि शेवटी व्हार्निश चढवत; त्यात आठवडेच्या आठवडे जात. त्या जागी आजचा दोन-घटकी रंग फवारला तर गाडी अधिक चमकते, आणि जाणकार तोंड फिरवतो.

हा धडा आमच्या जिल्ह्याला नवा नाही. ज्या निजामांच्या मोटारखान्यात ही मोटार होती त्यांच्याच सरकारने 1920 च्या सुमारास अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण केले. गुलाम यझदानी तेव्हा संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक होते. हेतू निर्मळ होता, खर्चाला हात आखडता घेतला नव्हता, आणि सुटू लागलेला गिलावा त्या दोघांनी पुष्कळ ठिकाणी भिंतीला पुन्हा घट्ट बसवला, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही चढवले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले, त्यावर धूळ बसली, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांच्या पिढ्या खर्ची पडल्या. जुन्या मोटारींच्या कारखान्यांतही खरा खर्च पुष्कळदा मूळ झिजेचा नसतोच; मधल्या काळात कोणी तरी मायेने केलेल्या दुरुस्त्या काढून टाकण्याचा तो खर्च असतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2013 साली ट्युरिनची सनद संमत केली, तिचाही रोख हाच आहे: आहे ते जपावे, बदल शक्य तितका कमी करावा, आणि केलेला प्रत्येक बदल टिपून ठेवावा.

आपल्या सरकारने 2021 मध्ये केलेले नियम याच्या मानाने साधेसुधे आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले दुचाकी-चारचाकी वाहन 'व्हिंटेज' ठरते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क पडते, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा. नियम वाजवी आहे. पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते, ते पाणी शोषते, जुन्या रबराला आणि कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या तरंगीला बाधते, याची तजवीज मात्र मालकाने स्वतःच करायची आहे.

कोल्हापूरकरांनी या साऱ्यावर आपल्या पद्धतीचा तोडगा फार पूर्वीच काढला आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत तेथे जर्मनीहून आलेली मेबॅक मोटार, फ्रीड्रिशहाफेनच्या ज्या कारखान्याने झेपेलिन वायुनौकांची इंजिने घडवली त्याच कारखान्याची, दर विजयादशमीला दसरा चौकात छत्रपतींना घेऊन येते, आणि सोने लुटायला जमलेल्या हजारो माणसांतून चालत परत जाते. ठरलेल्या तिथीला तिला चालावेच लागते, म्हणून तिच्या बॅटरीची, टायरांची, ब्रेकची आठवण कोणाला तरी नवरात्रापूर्वीच ठेवावी लागते. सिंहासनाच्या मोटारीसाठी असा एखादा दिवस ठरवायला हरकत नाही. चौमहल्ल्याची अंगणे प्रशस्त आहेत, आणि दोनशे यार्डांच्या फेरीसाठी आरटीओकडे अर्ज करावा लागत नाही.