दूध मापण्याचा सण



बेंदूर, पोळा, वसुबारस हे आपले सण जनावरांच्या जिवावर जगणाऱ्या माणसानं लावून दिलेले. असाच एक सण पूर्व युरोपातल्या रशियन, बल्गेरियन, सर्ब, क्रोएट अशा स्लाव लोकांत आहे. तो संत जॉर्जचा दिवस. जॉर्ज हे नाव मूळ ग्रीक भाषेतलं, आणि त्याचा अर्थच मुळी जमीन कसणारा, म्हणजे शेतकरी! रशियात त्याला येगोरी किंवा युरी म्हणतात. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणं हा दिवस २३ एप्रिलला येतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो सध्या ६ मे ला पडतो.

तिकडचा हिवाळा म्हणजे जमिनीवर बर्फ, जनावरं महिनोन्‌महिने गोठ्यात आणि वैरण संपत आलेली. त्यामुळं गुरं पहिल्यांदा रानात सोडायची, हा वर्षातला मोठा दिवस. रशियन शेतकरी त्यासाठी येगोरीचा मुहूर्त धरत. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली विलो झाडाची फांदी घरात जपून ठेवत आणि तिनंच गुरं बाहेर हाकत. गुराख्याला त्या दिवशी मान असे, खाणंपिणं मिळे.

लांडगेसुद्धा येगोरीच्या हुकमात, अशी समजूत होती. कोणतं जनावर लांडग्याच्या तोंडी जायचं हे तोच ठरवतो, म्हणून गुरं सोडताना त्याची विनवणी करायची. शिवाय तो किल्ल्या घेऊन जमिनीचं कुलूप उघडतो आणि दंव मोकळं करतो, असंही मानत. त्या पहाटेचं दंव औषधी समजून लोक त्यानं तोंड धूत, शेतात लोळत.

बल्गेरिया-सर्बियाकडं याच दिवसापासून मेंढपाळांचं साल धरलं जाई. करार ऑक्टोबरातल्या संत दिमित्रीच्या दिवसापर्यंत. आपल्याकडं पाडव्याला किंवा आखाजीला सालदार ठरवायची रीत आहे, त्यातलाच हा प्रकार. घराला हिरव्या डहाळ्या लावायच्या, कोकरू कापायचं, मेंढीला फुलापानांचा हार घालायचा आणि पहिली धार काढायची.

आम्हाला या सणातली विशेष वाटलेली गोष्ट पुढंच आहे. तिथं घरटी मेंढ्या थोड्या. प्रत्येकानं वेगळा मेंढपाळ ठेवणं परवडायचं नाही. म्हणून अनेक घरं मेंढ्या एकत्र करून उन्हाळाभर डोंगरावर धाडत. मग दूध कुणाचं किती? तर या सणाच्या सुमारास सर्वांदेखत प्रत्येकाच्या मेंढ्यांची धार काढून दूध मापत. ज्याचं जेवढं माप, तेवढ्या प्रमाणात त्याला पुढं दुधाचा किंवा चीजचा वाटा.

हा हिशेब ठेवायचा कुठं? लिहितावाचता येणारे कमी. मग ‘राबोश’ नावाची लाकडी काठी घेत. ती उभी चिरायची, दोन्ही भाग जुळवून त्यावर आडव्या खाचा पाडायच्या. अर्धा भाग मालकाकडं, अर्धा मेंढपाळाकडं. एकानं गुपचूप खाच वाढवली तर दोन भाग जुळणार नाहीत. अंगठेबहाद्दरालासुद्धा चोरी कळायची!

गंमत अशी, की याच सणाच्या रात्री चेटकिणी दुसऱ्याच्या शेतातलं दंव टिपून त्याचं पीक आणि दूध पळवतात, अशी बल्गेरियात धास्ती होती. लोक रात्री शेताची राखण करीत. आपल्या कष्टाचं कुणीतरी परस्पर नेईल ही भीती शेतकऱ्याला कुठंही आहेच. चेटूक खरं नव्हतं, पण मापातली खोट खरी असू शकते, आणि तिच्यावर इलाज होता तो त्या काठीचाच.

रशियात याच संताचा दुसरा दिवस जुन्या पंचांगाप्रमाणं २६ नोव्हेंबरला येतो. १४९७ च्या कायद्यानं त्या दिवसाच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, एवढीच मुदत कुळाला देणं चुकवून दुसऱ्या जमीनदाराकडं जायला मिळाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तीही बंद होत गेली आणि १६४९ च्या कायद्यानं कूळ जमिनीला कायमचं बांधलं गेलं. सुटका झाली ती थेट १८६१ साली. आशा फोल ठरली की रशियन माणूस आजही म्हणीत युरीच्या दिवसाचं नाव घेतो. सण राहिला, पण त्यातला हक्क गेला.

मेंढपाळांच्या सणात मात्र हक्काचा पुरावा धन्याच्या घरात खुंटीला टांगलेला असे. सभासद बंधूंनो, आपली अर्धी काठी म्हणजे काट्यावरची वजनपावती. ती खिशात चुरगळू देऊ नका. तोडणीच्या हंगामात गाडी रिकामी झाली की वजन तिथंच वाचा, घरी वहीत मांडा, आणि मेळ बसत नसेल तर बिलाची वाट न पाहता गट ऑफिसात या. दोन्ही भाग जुळवून बघायला आम्ही बसलेलोच आहोत.