कौलं गेली, स्लॅब आला; मग गळती कुठून आली?

भोरहून वरंध घाटाकडे जा, नाहीतर वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याला. स्लॅबच्या घरावर पुन्हा उतरता पत्रा टाकलेला दिसेल. एका घराला दोन छपरं कशाला?

आधी कौलाचं बघू. कौलारू छपरात हजार फटी असतात, तरी ते गळत नाही. कारण ते पाणी अडवतच नाही, फक्त वाट दाखवतं. वरचं कौल खालच्यावर चढलेलं, छपराला चांगला उतार. थेंब थांबायच्या आत पागोळीतून अंगणात. कौल फुटलं तर उजेड दिसतो, तेवढं बदललं की काम झालं. पण दर उन्हाळ्यात घर शाकारायला माणूस लागतो, आणि वानरांची टोळी आली की विचारूच नका. म्हणून लोकांनी स्लॅब घातला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

स्लॅबचं गणित मात्र उलटं आहे. इथे पाणी अडवायचंच असतं. उन्हाने काँक्रीट प्रसरण पावतं, रात्री आकसतं, केसासारख्या भेगा पडतात. मावळातला पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही; साचलेल्या पाण्याला झिरपायला वेळच वेळ. आतली सळई गंजली की फुगते आणि प्लॅस्टर पाडते. म्हणून सपाट गच्चीलाही उतार हवा: दहा फुटांना साधारण सव्वा इंच, पाइपाच्या तोंडाकडे.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे ‘पुढे मजला चढवू’ म्हणून कॉलमवर उघड्या सोडलेल्या सळया. पाणी त्यांच्या कडेने सरळ आत उतरतं. दुसरी जागा गच्ची आणि कठड्याचा सांधा. तिथे सिमेंटचा गोलसर वाटा नसेल तर गळती ठरलेली.

आणखी एक घोळ: छताला ओल जिथे दिसते, भेग तिथेच असेल असं नाही. पाणी आतल्या आत सरकतं. म्हणून मे महिन्यातच पाइपाची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दिवसभर साठवा आणि खालून बघा. सळया उघड्या पडल्या असतील किंवा प्लॅस्टर सुटत असेल, तर हा प्रयोग नको. आधी इंजिनिअरला दाखवा.

पत्र्याने पाऊस थांबतो, हे खरं. पण भोकं पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडायला सांगा, खोलगट भागात नको. बोल्टखालचं रबरी वॉशर उन्हाने कडक होतं. तेही दर उन्हाळ्यात तपासावं लागतं. शाकारणी काही सुटली नाही, फक्त कौलाच्या जागी वॉशर आलं.