असं का? : हात पोचत नाही तिथला रिव्हेट

विमानात खिडकीशी बसलं की पंखावर रिव्हेटच्या रांगा दिसतात. अमेरिकेत गॅरेजमध्ये ‘आरव्ही’ नावाच्या विमानाचं किट आणून ते बांधणारे हौशी लोक असे हजारो रिव्हेट स्वतः ठोकतात. पत्र्याच्या एका बाजूने हवेच्या दाबावरची बंदूक रिव्हेटच्या डोक्यावर धडाधड ठोके देते. दुसऱ्या बाजूला पोलादी ठोकळा दाबून धरलेला असतो, डुगडुगत्या फळीत खिळा ठोकताना मागे कुणी वरवंटा धरावा तसा. जड ठोकळा सहजी हलत नाही, म्हणून रिव्हेटचं अ‍ॅल्युमिनिअमचं टोकच चेपतं आणि मूळ जाडीच्या साधारण दीडपट रुंद पसरतं.

पंचाईत होते ती पंखाच्या निमुळत्या मागच्या कडेला. तिथे ठोकळा शिरत नाही. लहान घ्यावा तर तोच उडतो, रिव्हेट वाकडा बसतो. मग टंगस्टन घ्यायचं. पोलादाच्या जवळपास अडीचपट घनतेचं, त्यामुळे बोटभर तुकडाही पुरेसा जड भरतो. (खिशाला तो त्याहून जड!)

बोटही जात नसेल, तर पोकळ रिव्हेट. त्याच्या आरपार जाड डोक्याची काडी असते. बाहेरून ओढली की ते डोकं पलीकडचं टोक फुगवतं आणि ठरावीक ताणाला काडी कट्‌कन तुटते. सोपं आहे, म्हणून सगळीकडे तोच लावायचा मोह होतो. पण आराखड्यातला भरीव रिव्हेट बदलायचा तर आधी किटवाल्यांना विचारायचं.