पुण्याचे अल्पायुषी संघ

2013, 2015, 2017, 2019. या चार वर्षांत पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या व्यावसायिक संघाने गाशा गुंडाळला. हरले म्हणून बंद पडले, असं मानणं सोपं आहे; पण एकाचाही निकाल मैदानात लागला नाही.

सहारा समूहाने 2010 मध्ये आयपीएलचा पुण्याचा संघ 37 कोटी डॉलरना घेतला. तोवरची ती सर्वांत मोठी बोली. पुणे वॉरियर्स पहिला हंगाम ‘घरच्या’ मैदानावर खेळले ते नवी मुंबईत. पुण्याजवळचं गहुंजेचं स्टेडियम मिळालं 2012 मध्ये. कर्णधार युवराज, तो कर्करोगाच्या उपचारांसाठी गेल्यावर गांगुली. तीन हंगामांत 46 सामने, विजय अवघे 12. ख्रिस गेलने नाबाद 175 कुटल्या त्या यांच्याच गोलंदाजांना. तरी खरं भांडण पैशांचं होतं. 94 सामने गृहीत धरून बोली लावली, झाले 74. तेव्हा शुल्क कमी करा, असं सहाराचं म्हणणं. बीसीसीआयने बँक हमी वटवली, सहाराने अंग काढून घेतलं आणि ऑक्टोबर 2013 मध्ये करार संपला.

फुटबॉलची गोष्ट अधिक चटका लावणारी. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 पासून तळापासून वर चढत 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. स्वतःची अकादमी होती, बालेवाडीत हक्काचा प्रेक्षक होता. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली आणि त्याच बालेवाडीत एफसी पुणे सिटी उभा राहिला. वर्षभरात पुणे एफसीने दार लावलं. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकाच हंगामात आटोपला. एफसी पुणे सिटीने 2018 मध्ये उपांत्य फेरी गाठली, पण 2019 मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणींनी तोही गेला. त्याची जागा हैदराबादला मिळाली.

मधल्या काळातला आयपीएलचा रायझिंग पुणे सुपरजायंट्स जन्मला तोच दोन वर्षांच्या बोलीवर. चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते, तेवढ्यापुरता. 2016 मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने सामने राज्याबाहेर न्यायला लावले. पुण्याचं घर विशाखापट्टणमला गेलं. 2017 मध्ये मात्र स्मिथ, स्टोक्स आणि अवघ्या 10 लाखांत घेतलेला पुण्याचाच राहुल त्रिपाठी यांनी संघाला अंतिम फेरीत नेलं. मुंबईच्या 129 धावांचा पाठलाग 128 वर थांबला.

एक धाव! पण सामना जिंकला असता तरी विजेतेपद राखायला 2018 मध्ये संघच नव्हता. उलट कावेरी आंदोलनामुळे घर सुटलेली चेन्नई त्या वर्षी गहुंजेत मुक्कामाला आली, आणि ज्याच्याकडून पुण्याने वर्षभरापूर्वी कर्णधारपद काढून घेतलं होतं, त्याच धोनीने चषक जिंकला. पुणेकर प्रेक्षक म्हणून कधी कमी पडले नाहीत. संघ ठेवायचा की मोडायचा, हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नाही.