देवळं बंद होती ४२२ दिवस

आधी बेरीज करू. टाळेबंदीच्या २४ मार्च २०२० पासून त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपर्यंत २३७ दिवस. पुढच्या वर्षी ५ एप्रिल ते ६ ऑक्टोबर, १८५ दिवस. एकूण ४२२. महाराष्ट्रातल्या प्रार्थनास्थळांची दारं भाविकांना इतके दिवस बंद होती. मधे दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसरी लाट आली तशी मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. खडकीसारख्या छावणीच्या गावात मंदिर, मशीद, चर्च आणि बुद्धविहार यांच्यात चालत जाण्याइतकंच अंतर. तिथे ही बंदी सगळ्यांना एकाच मापानं लागली.

त्या काळात दोन वाक्यं सारखी कानावर येत. एक, 'देवसुद्धा कुलूप लावून बसले, आता कोण मानणार?' दुसरं, 'माणूस कितीही शिकला तरी संकटात देवच आठवतो.' दोन्ही बोलायला सोपी. आकड्यांपुढे उभी केली की दोन्ही लंगडतात.

भारतीयांच्या श्रद्धेचा अलीकडचा मोठा हिशेब अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं मांडला. २९,९९९ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. देवावर विश्वास आहे म्हणणारे ९७ टक्के, आयुष्यात धर्म फार महत्त्वाचा म्हणणारे ८४ टक्के, रोज प्रार्थना करणारे ६० टक्के. मुलाखती १७ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाल्या आणि २३ मार्च २०२० ला संपल्या, म्हणजे आपल्या बेरजेच्या आदल्या दिवशी. कुलूप लागण्याआधीचं चित्र इतकं नेमकं मिळणं हा निव्वळ योगायोग. पण चित्र नीट बघा. ९७ वर पोचलेल्या आकड्याला वर चढायला उरतात तीन पायऱ्या. साथीनं भारतीयांची श्रद्धा 'प्रचंड वाढली' असं कुणी म्हणालं, तर ती कुठे वाढली हे त्याला विचारावं.

वाढायला जागा होती ती पश्चिमेकडे. याच संस्थेनं २०२० च्या उन्हाळ्यात १४ विकसित देशांत विचारलं, की साथीमुळे तुमची श्रद्धा बळकट झाली का. अमेरिकेत २८ टक्के लोक हो म्हणाले, ब्रिटनमध्ये १० टक्के. रोग एक आणि उत्तरात जवळजवळ तिप्पट फरक. अमेरिकेच्या आकड्याची फोड केली की गंमत कळते. गोऱ्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांत ४९ टक्क्यांची श्रद्धा वाढली, कुठलाच धर्म न सांगणाऱ्यांत ५ टक्क्यांची. ज्याच्या घरी देव्हारा होता त्याच्या देव्हाऱ्यात एक फूल वाढलं. ज्याच्या घरी नव्हता त्यानं साथ आली म्हणून सुताराला बोलावलं नाही.

त्यात हे आकडे लोकांनी स्वतःच स्वतःबद्दल सांगितलेले. 'माझी श्रद्धा वाढली' असं म्हणणं हेच मुळात भाविकाचं वाक्य आहे. ताप मोजायला आलेल्याला रोग्यानंच आपला ताप सांगावा, तशातला प्रकार.

मग माणसं काय करतात ते मोजावं का? तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीचा मुक्काम उरकून दापोडी, बोपोडी करत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खडकीच्या अंगावरून पुण्यात शिरते. २०२० मध्ये हा रस्ता रिकामा राहिला. पादुका एसटीनं थेट पंढरपूरला गेल्या, सोबत मोजून वीसेक माणसं. २०२१ मध्ये मानाच्या दहा पालख्या आणि प्रत्येकीबरोबर चाळीस वारकरी, म्हणजे चारशे. पावलं मोजून श्रद्धा ठरवायची तर लाखांवरून चारशेवर आलेल्या महाराष्ट्राला नास्तिक म्हणायची वेळ आली असती. तसं कुणी म्हटलं नाही, कारण वारी घरात गेली आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. गर्दी हा परवानगीचा आकडा असतो.

साथीनं जे खरोखर ढवळतं ते वेगळंच, आणि ते बघायला खडकीपासून लांब जावं लागत नाही. मार्च २०२० मध्ये राज्यानं जो साथरोग कायदा लागू केला तो ४ फेब्रुवारी १८९७ चा, प्लेगच्या धास्तीनं केलेला. त्या फेब्रुवारीअखेर पुण्यात ६५७ मृत्यूंची नोंद झाली होती आणि निम्मं शहर गाव सोडून गेलं होतं. १८९१ च्या जनगणनेत १,६१,३९० असलेलं पुणं १९०१ मध्ये १,५३,३२० वर आलं. १८९७ च्या १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच सुमारास प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँड याच्या देखरेखीखाली ८९३ गोरे-काळे अधिकारी आणि शिपाई घरं तपासायला निघाले. देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळलं गेलं. पुणेकरांची देवावरची श्रद्धा त्यानं हलली असं कुठे दिसत नाही. उडाला तो सरकारवरचा विश्वास. २०२० च्या ऑक्टोबरात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तुम्ही 'सेक्युलर' झालात का असं विचारलं, तेव्हाही वाद देव आहे की नाही हा नव्हता. दारूची दुकानं उघडतात मग देऊळ का नाही, हा होता.

साथीवर रचलेल्या श्रद्धाकथाही तारखांना धरून तपासाव्यात. दगडूशेठ हलवाई यांचा मुलगा प्लेगात गेला आणि गुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी गणपती घडवला, ही कथा पुण्यात घरोघरी सांगतात. मूर्ती १८९३ ची मानतात. मुंबईत प्लेग सापडला सप्टेंबर १८९६ मध्ये. कुठलं तरी एक साल घसरलं आहे, किंवा तो ताप दुसराच असेल. भक्ताला त्यानं फरक पडत नाही, आणि पडावा अशी माझी अपेक्षाही नाही.

उलट बाजूचा पुरावा भाषेतच आहे. मराठीत एका रोगाचं नावच देवी. त्याची लस घेणं म्हणजे देवी टोचून घेणं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. रोग गेला, शीतळादेवीची पूजा राहिली. पटकीचा धसका ओसरला तरी आषाढात मरीआईला नैवेद्य जातोच. तिचं खातं तेवढं बदललं: पूर्वी गावावरची महामारी, आता पोराबाळांचं बरंवाईट. रोग पन्नास वर्षांपूर्वी संपूनही जी श्रद्धा हलत नाही, ती दोन वर्षांच्या साथीनं उलथेल किंवा दुप्पट होईल हे मला पटत नाही. साथीत बदलते ती श्रद्धेची चालरीत, आणि दार कुणी बंद केलं याचा राग.

२२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, त्या खडकीच्या शेजारच्या गणेशखिंड रस्त्यावर. दोन वर्षांच्या खंडानंतर तुकोबांची पालखी खडकीवरून पुन्हा चालत पुण्यात आली, तो दिवस २२ जून २०२२. मधे बरोबर १२५ वर्षं.